साडेआठची सुट्टी

चाचा, आपला वाद अर्धाच राहिला आणि त्यातले शेवटचे वाक्य माझे होते. वादात शेवटचे वाक्य आपले असावे म्हणून मी एरवी बरीच खटपट करते. तुम्ही ती वर्षभर पाहिलीत. या वेळी मात्र ते तुमचे असते तर बरे झाले असते. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. मधल्या काळात बरेच घडले आहे आणि संध्याकाळी ते तुम्हाला सांगायची सवय अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते.

तुमची जन्मतारीख, गाव, नोकऱ्यांची यादी हे सगळे मी सोडून देते. जन्मतारीख तर तुम्हालाच ठाऊक नव्हती. पासपोर्टवरची तारीख शाळेतल्या मास्तरांनी त्यांच्या सोयीने घातलेली आहे, असे तुम्ही मोठ्या समाधानाने सांगायचात.

दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या वस्तीतल्या तुमच्या मुलाच्या, मुश्ताकभाईंच्या, घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली ती एकाच कारणासाठी: तिथून माझ्या कामाच्या यार्डात जायला वळणे कमी लागत. विश्वचषकाच्या तयारीत इथले रस्ते दर आठवड्याला दिशा बदलत होते आणि मला वेळेवर पोहोचण्याचे वेड होते. या घरात मराठी बोलतात हे मला सामान टाकल्यावर कळले. तुमच्या सूनबाई, रुखसानाभाभी, चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या की खाली चला, आमचे सासरे तुमची मुलाखत घेणार आहेत.

तुम्ही फाटकाजवळच्या बोरीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होतात.

“काय करतेस गो तू कामाला?”

मी सांगितले की उन्हात राबणाऱ्या माणसाच्या शरीराला किती उष्णता झेपेल, ते मी मोजते.

“मोजून मग?”

“मग कंपनीला सांगते.”

“आणि कंपनी ऐकते?”

“आकडे असले की ऐकते.”

तुम्ही हसलात. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. “आमच्या वेळेला कंपनीकडे आकडे होते नि आमच्याकडे घाम,” तुम्ही म्हणालात. “आता घामाचेपण आकडे झाले. बरं हाय.”

मला तेव्हा तो टोमणा वाटला. तो टोमणाच होता, पण त्यात माहितीही होती, आणि ती बाहेर काढायला मला चार महिने लागले. मोटारींचा कारखाना आपल्याकडे नवा होता तेव्हा तुम्ही रत्नागिरीहून मुंबईला येऊन तिथे लागलात. आरंभी मोटारी सुट्या भागांच्या लाकडी पेट्यांतून बोटीने येत आणि तुम्ही त्या जोडायचात. पुढे भाग तिथेच बनू लागले, जमिनीखालून साखळी आली, आणि ती साखळी मोटारींचे सांगाडे ओढत माणसांसमोरून नेऊ लागली. तुमच्या वाट्याला डाव्या बाजूचा दरवाजा आला. दोह्याच्या गॅरेजात तुम्ही त्याहून कितीतरी अधिक वर्षे काढलीत, पण बोलताना ‘आमचा कारखाना’ म्हणजे नेहमी तोच.

माझ्या शास्त्रात जुन्या कारखान्यांविषयी पुष्कळ लिहिलेले आहे: धूर, धूळ, आवाज, तापमान. मी ते परीक्षेसाठी पाठ केले होते. तुमच्याकडून कळले ते त्यात नव्हते. साखळीचा वेग मुकादम कपाटामागच्या एका चाकाने वाढवायचा आणि कुणाला सांगायचा नाही. तुम्ही दरवाजा बसवताना मनात दरूद, पैगंबरांसाठीची छोटी दुआ, म्हणायचात. एका दरवाजाला सात. सहावा संपायच्या आत पुढची गाडी समोर आली की तुम्ही शेजाऱ्याला डोळ्यांनी खुणावायचात आणि ती खूण दोन मिनिटांत साऱ्या खात्यात पोहोचायची. मी म्हटले, चाचा, हे अगदी शास्त्रशुद्ध मोजमाप आहे, फक्त घड्याळ तुमचे होते. तुम्ही त्या दिवशी इतके खूश झालात की भाभींना हाक मारून ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलेत.

मधली काही वर्षे तुम्ही रंगखात्यात होतात. तोंडाला फडके, हाताला काही नाही, आणि पाळी सुटताना कंपनीकडून प्रत्येकाला गुळाचा खडा. गुळाने छातीतला रंग निघून जातो असे सगळ्यांना वाटे. कंपनीलाही वाटत असावे, किंवा वाटून घेणे तिच्या सोयीचे असावे. छातीचे काय झाले ठाऊक नाही, वास मात्र तुमचा कायमचा गेला. भाभींचा पुलाव चांगला झाला आहे की नाही, हे तुम्ही पाहून सांगायचात. तरीही शुक्रवारी नमाजाला निघताना तुम्ही कानामागे अत्तर लावायचात. मी एकदा विचारले, तुम्हाला तर त्याचा वास येत नाही. तुम्ही म्हणालात, “मला नाय आला तर नाय. शेजारी उभा ऱ्हातो त्याला येतो ना.”

माझ्या यार्डाविषयी तुम्हाला नेमके ठाऊक होते, तरी क्रम लागावा म्हणून लिहिते. अल रय्यानच्या पलीकडे, वस्ती संपते तिथे, आम्ही स्टेडियमच्या पायऱ्या बनवत होतो. ज्यांच्यावर खुर्च्या बसवून प्रेक्षक सामने पाहणार, त्या काँक्रीटच्या लांब पायऱ्या. लोखंडी साचे ओळीने मांडलेले. एक टोळी साचा पुसून तेल लावते, दुसरी सळ्या बांधते, तिसरी काँक्रीट ओतून पसरते आणि घोटते. काँक्रीटची गाडी आली की थांबता येत नाही, कारण उन्हाळ्यात काँक्रीट फार लवकर आवळते. हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही म्हणालात, “म्हणजे साखळीच. जमिनीखालून नाय, रस्त्यावरून येते एवढंच.”

आणि मग ती चूक. चाचा, ती मी लिहू नये असे तुम्ही म्हटले नसते. तुम्ही ती ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलीत. ओतकाम करणाऱ्या टोळ्या आवश्यकतेच्या निम्मेही पाणी पीत नव्हत्या. थंड पाण्याची पिंपे साच्यांच्या शेजारी होती, पाणी चांगले होते, पेले स्वच्छ होते. मी निष्कर्ष काढला: जाणीव कमी आहे. मी फलक तयार केले. लघवीचा रंग फिकट असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी प्या, अशा रंगांच्या पट्ट्या हिंदी, बंगाली, नेपाळी आणि मल्याळममध्ये छापून स्वच्छतागृहांच्या भिंतींवर लावल्या. महिनाभर मोजले. पाणी वाढले नाही. मग मी पाण्यात लिंबू आणि मीठ घालायला लावले. तरीही नाही.

हे सगळे मी तुम्हाला तक्रारीच्या सुरात सांगितले. तुम्ही बराच वेळ बोराची वाळलेली पाने चपलेने एका बाजूला सारत होतात.

“मुतारी किती लांब हाय?”

उष्णता, आर्द्रता, वारा, नाडीचे ठोके, घामातून गेलेले वजन या सगळ्याच्या नोंदी माझ्याकडे होत्या. स्वच्छतागृहाचे अंतर माझ्या कुठल्याही रकान्यात नव्हते.

“मग भिंतीवरचा रंग बघायला तिथपर्यंत जाणार कोण गो?” आणि तुमचे खांदे हलू लागले ते भाभी बाहेर येऊन काय झाले विचारीपर्यंत थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी साच्यापासून चालत गेले. गाळणी यंत्राला वळसा, क्रेनच्या मार्गावर थांबा, बूट धुण्याची जागा, मग रांग. काँक्रीटची एक गाडी रिकामी व्हायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ मला जाऊन यायला लागला. टोळीतला एक माणूस इतका वेळ गेला तर उरलेल्यांना त्याचे काम ओढावे लागते, आणि ते कुणी कुणावर लादत नाही. म्हणून ते पाणीच पीत नव्हते. अडाणीपणा नव्हता, सभ्यपणा होता. हे वाक्य मी माझ्या अहवालात लिहिले आणि मग ‘अशास्त्रीय’ म्हणून खोडले. आज इथे ठेवते.

त्या संध्याकाळी तुम्ही मला फिरत्याविषयी सांगितलेत. तुमच्या खात्यात मुतारीला जायचे तर मुकादमाच्या टेबलाजवळच्या खिळ्यावरचा पितळी बिल्ला गळ्यात घालून जायचे. बिल्ला एक, माणसे चाळीस. उन्हाळ्यात लोक तहान मारायला शिकले. मग युनियनने भांडून एक पद आणले: साखळीवरचे प्रत्येक काम येणारा एक माणूस, ज्याची स्वतःची जागा नाही. तो ओळीतून फिरत राहणार, कुणाच्याही खांद्यावर हात ठेवणार, त्याच्या जागी उभा राहणार. तेवढ्यात तो कामगार मुतारीला जाऊन येणार. अशा बदली माणसाला सगळे फिरता म्हणत. रंगखात्यानंतर तुम्ही फिरता झालात. चाळीस माणसांची कामे दोन हातांत असलेला माणूस, हे सांगताना तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात.

मी लगेच कागद काढला. दर टोळीमागे एक फिरता, कामाचा क्रम, प्रशिक्षण, सारे मांडले. आमचे यार्डाचे व्यवस्थापक साठे सर पुण्याचे. हुशार, वक्तशीर आणि बोलायला तिखट. त्यांनी कागद वाचून चष्म्यावरून पाहिले. “म्हणजे एक माणूस मी नुसता फिरायला ठेवू? क्लायंटनं विचारलं हा कोण, तर काय सांगू, हवा खायला आलाय?” पण त्यांनी संदर्भाचा रकाना पाहिला आणि दोन टोळ्यांवर प्रयोगाला परवानगी दिली. त्या रकान्यात मी लिहिले होते: जुन्या मोटार कारखान्यांतील पद्धत. तुमचे नाव मुद्दामच घातले नव्हते. नाव घातले की ती कुणाची तरी आठवण होते. पद्धत म्हटले की तो अभ्यास वाटतो. हा माझा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

तुम्हाला तो कागद दाखवला तेव्हा तुम्ही डोळे बारीक करून रकाना वाचलात. “मी इतिहास झालो काय गो?” एवढेच विचारलेत. मी हसले. उत्तर दिले नाही. ते आता देता येत नाही, हे माझ्या न बोललेल्या गोष्टींत पहिले.

प्रयोग यशस्वी झाला. यात विनय दाखवण्याचे कारण नाही. जुलैमध्ये, हवा सर्वांत वाईट असताना, त्या दोन टोळ्यांचे पाणी वाढले, नाडीचे ठोके उतरले, आणि कामही मागे पडले नाही. साठे सरांनी सगळ्या टोळ्यांना फिरते दिले. मुख्य कार्यालयाने माझा आलेख मागवून घेतला. मी मिठाई आणली. तुम्ही पेढ्याकडे पाहून तो ताजा असल्याचा निर्वाळा दिलात.

त्यानंतरच्या शुक्रवारी आपण सगळे समैस्माच्या किनाऱ्यावर गेलो. उन्हे कलली होती, पाणी कोमट होते, भाभींनी घावन आणि कोळंबीचा पुलाव आणला होता, मुश्ताकभाई मुलांना घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते. तुम्ही विजार दुमडून वाळूत पाय पसरून बसला होतात. मी तुम्हाला पुढची योजना सांगत होते. आता प्रत्येकाला त्याच्या शरीराच्या गरजेप्रमाणे वेगवेगळ्या वेळी विश्रांती देता येईल, सर्वांनी एकाच वेळी थांबण्याची आवश्यकता नाही, असे शास्त्रही सांगते.

“साडेआठची सुट्टी ठेव,” तुम्ही म्हणालात.

आमची पाळी पहाटे पाचला सुरू होते आणि दुपारच्या उन्हातल्या कामबंदीआधी संपते. मधे साडेआठला सारे यार्ड पंधरा मिनिटे थांबते. चहा, रोटी, सावली. मी तुम्हाला समजावले की ती सुट्टी सगळ्यांना एका मापाने मोजते, आणि तोच तिचा दोष आहे.

तेव्हा तुम्ही फिरत्याच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितलात. तुमच्या कारखान्यातही साखळी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा दहा मिनिटे बंद व्हायची. फिरते आले, लोक खूश झाले, मग फिरते वाढले. एके दिवशी कंपनी म्हणाली की प्रत्येकाला आपापली सुट्टी मिळतेच आहे, तर साखळी कशाला थांबवायची? युनियनलाही त्यात वावगे दिसले नाही. त्या दिवसापासून साखळी थांबली नाही.

“माझ्या जुन्या जागेपासून तीन गाड्या सोडून एक जण उभा असायचा, बेळगावचा,” तुम्ही म्हणालात. “रोज त्याला सोडवायचो मी. खांद्यावर हात ठेवला की तो निघाला, मी त्याच्या जागी. त्याची पाठ मला पाठ होती. तोंड नाय. महिनाभर तो सुकत चाललावता, मला दिसलंच नाय. खाली पडला तेव्हा तोंड बघितलं.” मग म्हणालात, “फिरत्याला सगळ्यांची जागा ठाऊक असते गो, माणूस नाय. माणूस बसल्यावर दिसतो.”

मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणाले, “चाचा, एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही आठवण सांगताय, मी आकडे सांगतेय.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. रागाने नाही, साखळीचा वेग वाढला आहे का, हे ताडत असल्यासारखे. मग वाळू झटकून उठलात, “यल्ला, मगरिब होईल,” म्हणालात आणि पाण्याची बाटली घेऊन संध्याकाळच्या नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, गेलात.

चार दिवसांनी तुम्हाला इस्पितळात नेले. मी एकदा भेटायला आले. तुमच्या नाकात नळी होती आणि तुम्ही मला विचारलेत की सकाळी गाडी चालू करताना कुरकुर ऐकू येते का. मी म्हटले, येते. तुम्ही म्हणालात, बॅटरी बदल, या आठवड्यातच. आपण बॅटरीविषयी दहा मिनिटे बोललो. समैस्माचा विषय मी काढला नाही. मला वाटले, तुम्ही घरी याल तेव्हा नीट मांडू. मी माझे मुद्देही काढून ठेवले होते.

तुम्ही गेलात तेव्हा मी यार्डात होते. तिपाईवरच्या काळ्या गोळ्यात उष्णता मोजणारे ते यंत्र मी नुकतेच उन्हात लावले होते आणि भाभींचा फोन आला. असरच्या नमाजानंतर तुम्हाला दफन केले. पुरुष कबरस्तानात गेले; मी घरी भाभींपाशी थांबले. बायका येत होत्या, रत्नागिरीच्या, रायगडच्या, आणि प्रत्येकीकडे तुमचा एकेक टोमणा जपलेला होता. एकीला तुम्ही म्हणे तिच्या नवऱ्याच्या गाडीपेक्षा नवरा जास्त धूर सोडतो असे सांगितले होते. ती हसली, मग तोंडाला ओढणी लावली, मग पुन्हा हसली. चाचा, तुमच्या घरात त्या दिवशी हसू फार होते. कुणाला त्यात गैर वाटले नाही.

नंतरच्या आठवड्यात साठे सरांचा मेल आला. फिरत्यांची व्यवस्था उत्तम चालली असल्याने साडेआठची सामायिक सुट्टी पुढील महिन्यापासून रद्द करण्याचा प्रस्ताव आहे. ओतकाम सलग होईल. सोबत पुरावा म्हणून एक आलेख जोडला होता. तो माझा होता.

मी तो मेल तीनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. हेच मी समैस्माला तुम्हाला सांगत होते, जवळपास याच शब्दांत. दोन वाक्यांचे अनुमोदन लिहून पाठवले असते तर वर्षाअखेरीस माझे पद वाढले असते, हेही मला ठाऊक होते. तुम्हालाही मी ते मागे सांगितले होते आणि तुम्ही इन्शाल्ला म्हणाला होतात. मी अनुमोदन लिहायला घेतले. दुसऱ्या वाक्यावर थांबले, आणि तुमचे म्हणणे खोटे आहे हे एकदा सिद्ध करावे, म्हणजे मन मोकळे होईल, असे ठरवून प्रथमोपचाराची नोंदवही मागवली.

ही नोंदवही मी दर आठवड्याला पाहत असे: किती जणांना त्रास झाला, किती तापमान होते. या वेळी मी असा रकाना वाचला जो कधी वाचला नव्हता. रुग्णाला कुणी आणले, आणि किती वाजता. चाचा, त्या उन्हाळ्यात उष्णतेने आजारी पडू लागलेली बहुतेक माणसे वेळेत सापडली होती ती साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यान. त्यांना मुकादमाने आणले नव्हते, फिरत्याने नाही, माझ्या यंत्राने तर नाहीच. ‘साथीदाराने आणले.’ खाली परिचारिकेने कारण टिपलेले: चहा घेतला नाही. बोलत नव्हता. हसला नाही. ओतकाम चालू असताना सगळ्यांचे डोळे काँक्रीटवर असतात. समोरासमोर ते दिवसातून एकदाच बसतात.

नोंदी थोड्या होत्या. इतक्या थोड्या नोंदींवर मी एरवी निष्कर्ष काढला नसता, हे तुम्हाला सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. या वेळी काढला.

बैठकीत साठे सर म्हणाले, “तुझ्याच आलेखावरून मी हे मांडलंय. आता विरोधही तूच करणार?”

मी हो म्हटले. फिरता दिला की माणसाला पाणी पिता येते, पण तो बरा आहे की नाही हे दुसऱ्याला दिसत नाही, आणि उष्णतेच्या आजारात स्वतःला सर्वांत शेवटी कळते, हे मी मांडले. नोंदवहीची पाने पुढे ठेवली. एका मोटार कारखान्यात ही सुट्टी अशाच कारणाने बंद झाली होती आणि त्याची किंमत अशा माणसाने मोजली ज्याची रोज फक्त पाठच दिसे, हेही सांगितले. त्यांनी विचारले की हे कुठे वाचलेस.

“वाचलं नाही सर. हसन परकार म्हणून होते, मुंबईच्या कारखान्यात फिरता होते. संदर्भाच्या रकान्यातली ती पद्धत त्यांचीच आहे. मी नाव घातलं नव्हतं.”

“त्यांना एकदा बोलवता येईल का इकडे?”

“नाही सर. बारा दिवसांपूर्वी गेले.”

साठे सरांनी पाने स्वतःकडे ओढली. सांत्वन त्यांना जमत नाही, मलाही ते नको होते. मग त्यांनी पेन उघडले आणि विचारले, “साडेआठला काँक्रीटच्या दोन गाड्यांमध्ये किती अंतर ठेवावं लागेल?”

साडेआठची सुट्टी राहिली. या हंगामापुरती, असे इतिवृत्तात आहे. पुढच्या वर्षी पुन्हा भांडावे लागेल आणि तेव्हा माझ्याकडे अधिक नोंदी असतील. नवा रकाना मी कालच घातला. माझ्या पदाचे काय होईल ते कळेलच. मला त्याची चिंता वाटत नाही, आणि ती वाटत नाही याचे मलाच नवल आहे.

व्यक्तिगत विश्रांतीबाबत मात्र मी अजूनही बरोबर आहे, चाचा. ते आपण ठरवलेले नाही. तुम्हाला वाटे की एकत्र बसणे पुरे. मला वाटते, दोन्ही हवे. हा वाद मी सोडून देणार नाही, तुम्ही नसलात तरी.

आज सकाळी साडेआठला भोंगा झाला. काँक्रीट बसवणारे व्हायब्रेटर एकामागून एक बंद झाले आणि यार्डात माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. मी नेहमीसारखी पत्र्याच्या छपराच्या कडेला नोंदींचा कागद घेऊन उभी होते. रामाशिष, तिसऱ्या टोळीचा फिरता, बिहारचा, हातात चहा घेऊन माझ्यासमोर थांबला. मॅडम, तबियत ठीक नाही का, असे त्याने विचारले. मी ठीक आहे म्हटले. त्याला ते पटले नाही. बरेच दिवस पाहतो आहोत, तो म्हणाला, आपण इथे उभ्या असता पण काही लिहीत नाही.

मी कागद पाहिला. खरेच त्यावर काही नव्हते.

मग मी त्याला सांगितले की घरातले एक वडीलधारे गेले. त्याने किंचित मान लववली आणि विचारले, “क्या काम करते थे?”

“यही,” मी म्हटले. “जो आप करते हैं.”

त्याने बाकावरच्या लोकांना सरकायला सांगितले. मी बसले. कुणीतरी चहाचा पेला माझ्याकडे दिला. फाटकाशी काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिली होती. तिचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्याकडे आला आणि समोरच्या बाकावर टेकला.